बाळाच्या डोळ्यांची बाहुली

उजेड पडताच बाहुली बारीक होते, ती अनैच्छिक स्नायूंमुळे. रक्तवाहिन्या, आतडी, मूत्राशय यांच्या भिंतींतही हेच स्नायू असतात. ‘एक्टा-२’ जनुकात विशिष्ट जागी बदल झाला, तर या सर्वच ठिकाणी बिघाड होतो. अमेरिकेतील डॉ. डायना मिलेविच व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या अतिदुर्मिळ विकाराचे वर्णन केले. जनुकदुरुस्तीचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.

हा बदल बहुधा बाळातच नव्याने घडतो. तेव्हा आईच्या माथी ग्रहणाचे खापर फोडू नये. टपोऱ्या काळ्याभोर डोळ्यांचे आपल्याकडे कौतुकच होते! पण टॉर्चच्या उजेडातही बाहुली मोठीच राहिली आणि जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाजवळची नळी उघडी असली, तर महाधमनी व मेंदूच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात. महाधमनी फुगून फाटू शकते. मेंदूचा रक्तपुरवठा घटून लहानपणीच पक्षाघात होऊ शकतो.