पट्टी आधी, पोतं नंतर

मंदी आणि महागाई आमच्या घरात एकाच महिन्यात येतात. सोयाबीनचा भाव पडला की गावातलं किराणा दुकान उधारी बंद करतं, शिलाईचं काम मिळत नाही, बांधकामावरची मजुरी थांबते. त्याच महिन्यात मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे असतात आणि हरभऱ्याचं बियाणं आणायचं असतं. अशा वेळी घरातला माणूस अडलेला आहे हे ज्याला आधी कळतं, तोच त्याला लुटतो. आमच्या बाबतीत तो गावातलाच खेडा खरेदीवाला निघाला. त्याचं नाव लिहीत नाही, गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे. झालं ते मात्र पूर्ण लिहिते. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, आमच्यासारखी घरं भरपूर आहेत आणि त्याच्यासारखे काटेवालेही.

गोष्ट २०२४ च्या हंगामातली. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात मात्र चार हजार, फार तर बेचाळीसशे मिळत होते. विधानसभेच्या प्रचारात सहा हजारांचं आश्वासन आलं आणि जो तो म्हणू लागला, थांबा, भाव वाढणार. १४ सप्टेंबरला केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं होतं, त्यामुळेही आशा होती. पण शुल्क वाढल्याबरोबर आमच्या स्वयंपाकघरातलं तेल महागलं आणि सोयाबीन होतं तिथेच राहिलं. त्याचं कारण मला नंतर समजलं. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण अठरा किलो, बाकी बहुतेक सगळी पेंड. भाव ठरतो तो पेंडीवर. त्या वर्षी परदेशातही सोयाबीन उदंड होतं आणि आपल्याकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून मका-तांदळाची स्वस्त पेंड कोंबडीखाद्यात जाऊ लागली होती. हे कोणी आधी सांगितलं असतं, तर सहा हजारांवर कोणी विसंबलं नसतं.

आमचं सोयाबीन झालं बावीस क्विंटल. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेलं, ओलावा जास्त. नाफेडच्या हमीभाव खरेदीला बारा टक्के ओलाव्याची अट होती, ती पंधरावर आणली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. आम्ही नोंदणी केली होती, सातबारा आणि पीकपेरा दिला होता, फक्त मेसेज यायचा होता. दोन खोल्यांच्या घरात बावीस क्विंटल किती दिवस ठेवणार? तेव्हा तो आला. ह्यांना म्हणाला, "भाऊ, माल माह्या गोदामात टाका. भाव तुम्ही म्हणसान तवा तोडू. नाफेडचा नंबर लागला तं आपला माल आपण घेऊन जा. घरचा माणूस हाये मी." वर रब्बीसाठी पंधरा हजारांची उचल दिली. व्याजाचा शब्दही काढला नाही.

मी तेव्हाच म्हटलं होतं, भाऊजी, पक्की पट्टी द्या. तो हसला आणि ह्यांच्याकडे बघून बोलला, "वहिनीचा भरोसा नाही दिसत आमच्यावर." शेवटी एका चिठ्ठीवर '२२ क्विं. जमा' लिहून दिलं. भाव नाही, ओलावा नाही, सही नाही. मी माझ्या वहीत तारीख, प्रत्येक पोत्याचं वजन आणि उचलीची रक्कम लिहून ठेवली. पोत्यांची तोंडं हिरव्या सुतळीने शिवली, कारण आपला माल आपल्याला ओळखू आला पाहिजे. घरात सगळ्यांनी मला संशयी ठरवलं. आज ती वहीच आमच्या कामी येते आहे.

जानेवारीत नाफेडचा मेसेज आला. आम्ही माल मागितला. तो म्हणाला, "सेंटरवर बारदाना नाही, ट्रॅक्टरं वापस येऊन राह्यले, चार दिवस थांबा." बारदान्याची टंचाई त्या महिन्यात खरोखरच होती, राज्यभर खरेदी अडली होती, म्हणून विश्वास बसला. चार दिवसांचे आठ झाले. मग काटा बिघडला, मग त्याच्या साडूचं लग्न निघालं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खरेदी बंद झाली आणि बाजारभाव आणखी खाली गेला.

मार्चमध्ये मी स्वतः गेले. पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. तारीख चुकली की सवलत गेली. त्याला म्हटलं, भाऊजी, निदान कर्जापुरते तरी द्या. "मार्च एंड हाये वहिनी, माह्येच पैसे अडकले," असं म्हणून त्याने चहा मागवला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. ३१ मार्च गेला. सवलत गेली.

जूनमध्ये पेरणी तोंडावर आली. बाजारात तेव्हा बेचाळीसशेच्या आसपास भाव होता. आम्ही म्हटलं, तोडा भाव. त्याने हिशोबाचा कागद पुढे केला. त्यात भाव ३,८००. आम्ही विचारलं, हा कुठून आला? म्हणाला, "मार्चमंधी तुम्हीच पैसे मांगाले आल्या होत्या ना? पैसे मांगतले म्हंजे भाव तुटला." पैसे दिले नाहीत, पण मागितले म्हणून भाव तुटला! क्विंटलमागे दोन किलोची कटती, ओलाव्याच्या नावाने. सात महिन्यांनंतर ओलावा! आणि पंधरा हजारांच्या उचलीवर शेकडा तीन रुपये महिना व्याज, ३,१५० रुपये. माझा माल त्याच्याकडे सात महिने पडून, त्याचं व्याज शून्य. त्याचे पंधरा हजार माझ्याकडे, त्याचं व्याज शेकडा तीन.

मी म्हटलं, मला हा हिशोब मान्य नाही, माझा माल परत द्या. आणि तिथून सरळ गोदामात गेले. आत हरभरा होता, मका होता, गव्हाच्या थप्प्या होत्या. हिरव्या सुतळीचं एकही पोतं नव्हतं. मी थप्प्यांच्या मागे जाऊन पाहिलं, कोपरे पाहिले. दारात आमच्याच गल्लीतला हमाल पोरगा उभा होता. त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "काकू, काय शोधता? तुमचं सोयाबीन तं डिसेंबरातच गेलं. गाडी मीच भरली."

डिसेंबरात! म्हणजे जानेवारीत आम्ही माल मागत होतो, तेव्हा द्यायला त्याच्याकडे माल नव्हताच. बारदाना, बिघडलेला काटा, साडूचं लग्न, सगळं त्यासाठी होतं. आमचा माल विकून आलेल्या पैशावर त्याने हरभरा भरला, मका भरला, दुसऱ्यांना उचल वाटली आणि तिचं व्याज खाल्लं. त्याने आम्हाला दिलेले पंधरा हजार तरी त्याचे होते की कोणाच्या तुरीचे, कोण जाणे. माल त्याच्या गोदामात पडला त्या दिवसापासून आम्हीच त्याचे बिनव्याजी सावकार झालो होतो आणि दारात उभे मात्र मागणारे म्हणून.

हमीभावाने आमच्या मालाचे १,०७,६२४ रुपये झाले असते. त्याच्या भावाने ८३,६०० झाले. कटती आणि व्याज धरलं तर तोटा अठ्ठावीस हजारांच्या वर जातो. म्हणजे तेव्हाच्या १,३५० रुपयांनी डीएपी खताची एकवीस पोती. पीककर्जाचं व्याज वेगळं.

मी भांडले तेव्हा तो ह्यांना म्हणाला, "बाईमाणसानं हिशोबात पडू नये, नातं तुटते." नातं कोणी तोडलं? बाजार समितीच्या कार्यालयात गेलो तर कळलं, त्याच्याकडे परवानाच नाही. पोलिसांनी सांगितलं, हा पैशाच्या व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. शेवटी गावातल्या चार वडीलधाऱ्या माणसांसमोर मी वही उघडली, तेव्हा त्याने उचलीवरचं व्याज सोडलं आणि पैसे हप्त्याहप्त्याने देऊ लागला. भाव मात्र ३,८०० चाच धरला.

आता जे शिकले ते सांगते.

भाव तोडल्याशिवाय माल घराबाहेर जाऊ देऊ नका. 'नंतर तोडू' म्हणणाऱ्याला भाव पडल्यावर तोडायचा असतो. भाव वाढला तर त्याचा फोन लागत नाही.

पट्टीवर तारीख, वजन, ओलावा, भाव, प्रत्येक कपात, एकूण रक्कम, परवाना क्रमांक आणि सही एवढं पाहिजेच. यातलं एक जरी देत नसेल तर पोतं परत उतरवा. ओलावा आणि कटती जे काय ठरायचं ते काट्यावरच ठरू द्या. तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर त्याला लिहून पाठवा: 'आज अमुक क्विंटल दिलं, भाव ठरलेला नाही, उचल इतकी, व्याज ठरलेलं नाही.' त्याने उत्तर दिलं नाही तरी तारखेसह मजकूर राहतो.

परवाना बघा. परवानाधारक व्यापाऱ्याने समितीच्या आवारात माल घेतला तर पैशासाठी समितीला जाब विचारता येतो. दारातून काट्यावर गेलेल्या मालाचं कोणी ऐकत नाही. गाडीभाडं वाचतं म्हणून आपण दारात देतो. त्या वाचलेल्या भाड्याची किंमत मी वर लिहिली आहे.

भावासाठी थांबायचंच असेल तर माल स्वतःच्या नावाच्या पावतीवर ठेवा. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला सहा टक्के, मुदत १८० दिवस. आमच्या गावात ती कोणालाच माहीत नव्हती. सगळ्याच समित्या ती चालवत नाहीत, म्हणून दिवाळीआधीच विचारून या. वखार महामंडळाच्या गोदामाची पावतीही बँकेत तारण ठेवता येते. शेकडा तीन महिना म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सहा कुठे आणि छत्तीस कुठे!

थांबण्याचाही हिशोब मांडा. अंगावर महिना शेकडा दोनचं कर्ज असेल आणि आज चार हजार मिळत असतील, तर सहा महिन्यांनी ४,४८० मिळाले तरच बरोबरी. वर सुकून वजन घटतं ते निराळं. म्हणून गरजेपुरता माल लगेच विका, उरलेला ठेवा. भाषणातल्या भावावर एक पोतंही ठेवू नका.

नाफेडची नोंदणी सुरू होईल त्या दिवशी करा, त्याआधी ई-पीक पाहणी झालेली असू द्या. माल मात्र आपल्या ताब्यात ठेवा, नाहीतर मेसेज येऊन उपयोग नाही.

विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. 'उचल' म्हटल्याने ती सावकारी नाही असं होत नाही. व्याज लावलं असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे जा, ती परत मिळवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

खर्च कमी करा, लग्नात उधळू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगते. पण आमच्याकडे सगळा पैसा एकाच पिकातून एकाच महिन्यात येतो, खरी अडचण ती आहे. पूर्वी मूग-उडीद, ज्वारी, कापूस, तूर असा महिन्यामहिन्याने पैसा यायचा. निदान एखाद्या एकरात वेगळं काही लावा. दोन शेळ्या, चार कोंबड्याही चालतील, म्हणजे नोव्हेंबरमध्ये कोणाच्या दारात हात पसरायची वेळ येणार नाही.

आणि बायांनो, हिशोबात पडा. वही ठेवा, काट्यावर उभ्या राहा, पट्टी मागा. संशयी म्हणतील, म्हणू द्या. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला आणि काटेवाला पुन्हा गल्लीत फिरतो आहे. आमचे मागचे पैसे त्याच्याकडून अजून पूर्ण आलेले नाहीत. त्याला माल देण्याआधी एकदा माझ्याकडे येऊन वही बघून जा.