शिरोरेषा तुटू नये म्हणून

दिल्लीत चिकट विनाईलमधून मराठी पाटी कापायचं काम बहुधा गणपतीच्या तोंडावर येतं. करोल बागेत, पहाडगंजात, नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांत मंडप उभे राहू लागतात आणि चार दिवस आधी कुणीतरी फोनवर 'गणपती बाप्पा मोरया' पाठवून विचारतं, उद्या मिळेल का? मिळतं. पण ऑपरेटरनं हिंदीच्या सवयीनं 'टिळक'चं 'तिलक' केलं किंवा अक्षरं न जोडताच फाइल यंत्राला दिली, तर सोलताना पाटी तुकड्यातुकड्यांनी हातात येते. मग दोष यंत्राला जातो आणि पात्याचा दाब वाढवला जातो. खरं नुकसान तिथून सुरू होतं. कटिंग प्लॉटरच्या दहा तक्रारींतल्या निम्म्या तरी नको तिथे दाब वाढवल्यामुळे उद्भवलेल्या असतात, हे इतकी वर्षं हे काम करताना मी पाहिलं आहे. म्हणून खालची सगळी कृती दाब कमीत कमी ठेवून काम कसं साधायचं, याच बेतानं लिहिली आहे.

या कामाला आपल्याकडे अजून 'रेडियम' म्हणतात. अंधारात चमकणाऱ्या जुन्या घड्याळांच्या रंगात खरंच रेडियम असे, त्यावरून हे नाव आलं. आजच्या चमकत्या पट्टीत त्याचा कणही नसतो. काचेचे बारीक मणी किंवा लहान लोलक आलेला प्रकाश आला त्या दिशेनं परत पाठवतात, एवढंच. हे मणी पात्याची धार फार लवकर खातात, हे मात्र पुढे लागेल म्हणून लक्षात ठेवा.

आधी फाइल

यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला फक्त कडा कळते. जिथे रेघ तिथे पातं जातं. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षरावर ती केसभर चढते. पडद्यावर ती अखंड दिसते, पण यंत्राला ते एकमेकांवर चढलेले दोन वेगळे आकार वाटतात आणि ते प्रत्येक सांध्यावर उभं कापतं. 'मोरया' या एका शब्दात असे तीन-चार सांधे येतात.

म्हणून क्रम असा ठेवा. मजकूर टाइप करा आणि मराठी नीट वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. 'ळ'चा 'ल' झाला आहे का, 'ऱ्या'तला र नीट आला आहे का, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का, ते पाहा. मग मजकुराचं कर्व्हमध्ये रूपांतर करा. त्यानंतर सगळं निवडून कोरलड्रॉमध्ये 'वेल्ड' किंवा इंकस्केपमध्ये 'युनियन' करा. आता वायरफ्रेममध्ये बघा. रंग गेला की खऱ्या कडा दिसतात. शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसली, तर वेल्ड अपुरं आहे. 'प', 'ब', 'व' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा शाबूत आहेत ना, तेही इथेच पाहा.

अनुस्वाराचा ठिपका ४ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर तो सोलताना उडणार असं धरून चाला आणि अक्षर मोठं करा. काचेच्या आतून चिकटवायचं असेल, तर फाइल आरशात दिसते तशी उलटी करा. शेवटी संपूर्ण मजकुराभोवती एक चौकट काढा. ती कापली की बाहेरचा भाग सहज वेगळा होतो.

जागा आणि वीज

प्लॉटर डगमगणाऱ्या स्टॅंडवर ठेवू नका. चाकं लॉक करा आणि पाणसळ लावून यंत्र दोन्ही दिशांना सपाट करा. मागे-पुढे माल मोकळा लोंबेल एवढी जागा हवी.

दिल्लीच्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. मे-जूनमध्ये धुळीची आँधी येऊन गेली की यंत्राच्या रुळांवर आणि पात्याच्या होल्डरमध्ये बारीक माती बसते, म्हणून काम संपलं की यंत्र झाकून ठेवायचं. डेझर्ट कूलरचा झोत यंत्राकडे कधीही नको. विनाईलच्या मागचा कागद ओल धरतो, कडेनं वळतो आणि चालता माल तिरका सरकतो. श्रावण-भाद्रपदात हे कूलरशिवायही होतं. त्या दिवसांत रोल प्लास्टिकच्या पिशवीत उभा ठेवा आणि कापण्याआधी दोन-तीन तास खोलीच्या हवेत उघडा ठेवा.

अर्थिंग तपासल्याशिवाय प्लॉटर जोडू नका. कूलर, पंखा, हीटगन यांच्यासोबत एकाच बोर्डावर तो लावला, तर त्यांच्या मोटारी चालू-बंद होताना कापता कापता मध्येच एखादी भलती रेघ ओढली जाते. संगणक आणि प्लॉटर दोघांनाही एकाच यूपीएसवर ठेवा. वीज जाऊन परत आली की कॅरेज, म्हणजे पातं धरून सरकणारा भाग, झटक्यात मूळ जागी धावते. म्हणून वीज गेल्यावर सगळ्यात आधी स्विच बंद करा, माल नंतर सोडवा.

हात, केस, ओढणी

हे वेगळं लिहिते, कारण यंत्र छोटं दिसतं आणि माणूस बेसावध राहतो. चालू यंत्राच्या रुळावर हात टेकवू नका. वळलेली कडा बोटानं दाबण्याचा मोह होतोच, तेव्हा आधी पॉज दाबा. केस बांधा. ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, लांब बाही काढा किंवा खोचा. वीज चालू असताना कॅरेज हातानं ढकलू नका. पातं जवळजवळ सुईएवढं असतं आणि कातडीत शिरेपर्यंत कळत नाही. ते बोटानं तपासायचं नाही. बदलताना चिमट्यानं धरा आणि जुनं पातं झाकणाला भोक पाडलेल्या पत्र्याच्या डबीत टाका. कचऱ्याच्या पिशवीत सुटं टाकलेलं पातं सफाई कामगाराच्या हातात घुसतं, याचा विसर पडू देऊ नका.

माल चढवणं

१. पिंच रोलरचा दांडा वर करा आणि माल मागून सरकवा. रोलर नेमके खालच्या खरबरीत रुळांवरच आले पाहिजेत, मध्ये कुठे नाही.

२. मालाची कड रोलरच्या बाहेर निदान अर्धा सेंटिमीटर राहू द्या. दांडा खाली करा.

३. जेवढी लांबी कापायची, त्याहून थोडा जास्त माल रोलवरून आधीच सोडवून मागे सैल ठेवा. ५० मीटरचा जड रोल ओढायला लावला की मोटारीची पावलं चुकतात आणि आकार जिथे सुरू झाला तिथे बंद होत नाही.

४. माल एक मीटर पुढे नेऊन परत आणा. कड दोन्ही वेळा त्याच जागी आली, तरच पुढे जा.

पातं किती बाहेर काढायचं

साधं विनाईल साधारण ८० ते १०० मायक्रॉन जाड असतं. पात्यानं तेवढंच कापायचं आणि मागच्या कागदाला फक्त स्पर्श करायचा. होल्डर यंत्रातून काढा, विनाईलच्या तुकड्यावर पेन धरल्यासारखा धरा आणि नेहमीच्या लिहिण्याच्या जोरानं एक रेघ ओढा. विनाईल सुटलं आणि कागदावर पुसट ओरखडा राहिला, तर बरोबर. कागद फाटला तर पातं आत घ्या, रंगाचा थर नुसता खरवडला गेला तर थोडं बाहेर काढा.

साध्या विनाईलला ४५ अंशाचं पातं पुरतं. चमकत्या पट्टीला ६० अंशाचं लावा आणि ते वेगळं ठेवा. चमकती पट्टी कापलेलं पातं परत बारीक अक्षरांना लावलं, तर कडा दातेरी येतात.

आता टेस्ट कट. दाब ७० ते ८० ग्रॅमवर ठेवा, वेग मध्यम. यंत्र एक छोटा चौकोन कापेल. तो सोला. नीट सुटला नाही तर दाब दहानं वाढवा आणि शेजारी पुन्हा कापा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दाब, वेग आणि पातं एकदम हलवलं, तर नेमकं कशानं सुधारलं हे कधीच कळत नाही. चौकोन सुटल्यावर कागद उलटा करून बघा. मागून रेघ बोटाला लागत असेल, तर दाब जास्त झाला. असा कागद लांब पाटीत मध्येच फाटतो आणि यंत्रात पात्याखाली असलेली पांढरी पट्टीही कापली जाते.

बिघडलं तर कुठे बघायचं

चौकोनाचे कोपरे गोल येत असतील, तर ऑफसेट, म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून किती बाजूला आहे ते यंत्राला सांगितलेलं अंतर, कमी आहे. कोपऱ्याला बाहेर छोटा कान फुटत असेल, तर जास्त आहे. बऱ्याच पात्यांना ०.२५ मिलिमीटर लागतो, तिथून सुरुवात करा. ऑफसेट बरोबर असूनही गोल बंद होत नसेल, तर पातं होल्डरमध्ये मोकळं फिरतं का ते बघा. विनाईलचा एक बारीक धागा बेअरिंगमध्ये अडकला की पातं वळत नाही, घसटत जातं. होल्डर उघडा, ब्रशनं झटका, पातं बसवा. दिल्लीच्या धुळीत मी हे आठवड्यातून एकदा करते, काम असो वा नसो.

डावीकडे छान कापतं आणि उजवीकडे अर्धवट सुटतं, अशी तक्रार आली की लोक हमखास दाब वाढवतात. मग डावीकडे कागद फाटतो. खरं कारण पात्याखालच्या पट्टीत असतं. एकाच जागी सारखं कापून तिच्यात चर पडतो आणि पातं त्यावरून उड्या मारतं. पट्टी काढा आणि नवी लावा. स्वस्त असते ती. कापलेली रेघ टाके घातल्यासारखी तुटक येत असेल, तरी आधी पट्टी, मग पात्याचं टोक, आणि सगळ्यात शेवटी दाब.

अक्षरं कापतानाच उचलली जाऊन पात्यासोबत फरपटत असतील, तर पातं फार बाहेर आहे, बोथट आहे किंवा वेग जास्त आहे. मात्रा, वेलांट्या, रफार इथे पहिल्यांदा बळी पडतात, म्हणून बारीक मराठी मजकूर नेहमीच्या निम्म्या वेगानं कापा.

यंत्र मध्येच थांबलं किंवा तिरकी रेघ मारून भरकटलं, तर यांत्रिक भाग उघडू नका. यूएसबी केबल बदला आणि ५ मीटरपेक्षा लांब नको. संगणकाची झोप बंद करा. नंतर सॉफ्टवेअरमधला पोर्ट आणि बॉड रेट यंत्रावरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहा. स्वस्त यंत्रांत बहुधा ९६०० असतो. माप चुकतंय असं वाटलं तर १०० मिलिमीटरचा चौकोन कापून पट्टीनं मोजा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. कॅरेज बाजूला जाऊन ठकठक आपटायला लागली, तर ताबडतोब स्विच बंद करा. ओरिजिन चुकीच्या जागी आहे किंवा फाइल मालापेक्षा रुंद आहे.

सोलणं आणि चिकटवणं

सोलताना विनाईल सरळ वर ओढायचं नाही, मागे दुमडून कागदाला लागून सावकाश ओढायचं. आधी अक्षरांच्या पोटातले तुकडे टोच्यानं काढा, मग बाहेरचा भाग. शिरोरेषेच्या दिशेनं, डावीकडून उजवीकडे गेलात तर मात्रा कमी उचलल्या जातात.

ट्रान्सफर टेप लावा आणि स्क्वीजीनं मधून कडेकडे घासा. पाटी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि ते पूर्ण वाळू द्या. पेट्रोल किंवा थिनर बंद दुकानात वापरू नका, शेजारी हीटगन असेल तर मुळीच नाही. मे महिन्यात दुपारी लोखंडी शटरला हात लावता येत नाही, त्यावर विनाईल ताणलं जातं, म्हणून पहाटेच लावा. जानेवारीच्या धुक्यात उलट, थंड पत्रा गोंद धरत नाही, दुपारचं ऊन पडेपर्यंत थांबा.

काही गोष्टी कापायच्याच नाहीत. वाहनाच्या नंबर प्लेटची अक्षरं त्यांत पहिली. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट बंधनकारक आहे आणि ती अधिकृत पुरवठादाराकडूनच येते. ग्राहक कितीही आग्रह करो, नाही म्हणा. ट्रकच्या मागची लाल आणि बाजूची पिवळी परावर्तक पट्टी ठरलेल्या दर्जाचीच लागते. साधा चमकता तुकडा कापून तिथे लावला, तर एनसीआरच्या धुक्यात मागून येणाऱ्याला ट्रक दिसत नाही. आणि शेजारच्या दुकानात ॲक्रिलिक कापणारं लेझर असेल, तर घाईत विनाईल तिथे कधीही देऊ नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसाला इजा करतो आणि यंत्रही गंजवतो.

चिकटवून झालं की टेप अगदी उताणी, पृष्ठभागाला घासूनच सोलत न्या. एखादी वेलांटी टेपसोबत वर आली, तर थांबा, टेप परत खाली करा, नखानं घासा आणि मग पुढे जा. दुकानात परत आलात की पातं होल्डरमध्ये आत फिरवून ठेवा आणि पिंच रोलरचा दांडा वर करून यंत्र झाका. रात्रभर दबून राहिलेल्या रबरी रोलरला सपाट डाग पडतो आणि उद्याची पाटी तिथूनच तिरकी जायला लागते.