दोर आधी सांगतो

उन्हाळा आला की गावोगावी विहिरींची कामे निघतात. कोणी गाळ काढतो, कोणी जुनी विहीर खोल करतो. काठावर यारी उभी राहते. यारीचा तारेचा दोर कप्पीवरून खाली जातो. दोराच्या टोकाला हूक, हुकाला दगडमातीची बादली. आणि त्या बादलीच्या खाली, विहिरीच्या तळाशी, आपली माणसे.

एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा काळा दगड सुमारे ८० किलो भरतो. असे पाच दगड म्हणजे ४०० किलो झाले. एवढे ओझे माणसाच्या डोक्यावर लोंबकळत असते.

दोर तुटला की लोक म्हणतात, “एकाएकी तुटला हो!” पण पुष्कळदा तसे नसते. दोर आधी सांगत असतो. आपण त्याच्याकडे बघत नाही.

तारेचा दोर निघाला तो खाणींतून. जर्मनीत हार्ट्स नावाचे डोंगर आहेत. तेथे क्लाउस्थाल गावाजवळ चांदीच्या आणि शिशाच्या खाणी होत्या. ओझे वर ओढायला साखळ्या असत. साखळीची एक कडी तुटली की सगळे ओझे खाली जाई. १८३४ साली विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण-अधिकाऱ्याने लोखंडी तारांचा दोर वळवून घेतला. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड. अशा दोराची एक तार तुटली तरी बाकीच्या तारा ओझे धरून ठेवतात. तुटलेली तार बाहेर दिसते. म्हणजे माणसाला वेळ मिळतो. पण बघितले तरच!

म्हणून रोज सकाळी, माणूस खाली उतरण्याआधी, या गोष्टी बघाव्यात.

तारेचा दोर. यंत्र बंद ठेवा. दोर जमिनीवर सोडून थोडा थोडा तपासा. उघड्या हाताने चाचपू नका, तार हातात घुसते. गोणपाटाचा तुकडा घ्या. तो अडकला की तेथे तार तुटलेली आहे असे समजा. दोराचा एक पेड वळसा घालून पुन्हा त्याच बाजूला येतो, तेवढ्या लांबीला एक फेरा म्हणू. कप्पीवरून चालणाऱ्या दोराच्या एका फेऱ्यात ६ तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात ३ दिसल्या, तर तो दोर कामातून काढा. दोराला मुरड पडली, तो चेपून चपटा झाला, पेड फुगून सुटले, किंवा गंजाने तारांना खड्डे पडले, तर तारा मोजत बसू नका. तो दोर गेला.

काथ्याचा दोर. पीळ थोडा उलटा फिरवून पेड उघडा आणि आत बघा. आतून भुसा गळला तर दोर कुजला आहे. वरून तो कितीही चांगला दिसो.

हूक. हूक नवा असताना त्याच्या तोंडात बरोबर बसेल अशी काडी कापून जपून ठेवा. पुढे ती काडी सैल बसू लागली की हुकाचे तोंड पसरले. असा हूक वापरू नका. तो तापवून, ठोकून सरळही करू नका. त्याने लोखंडाचा कस जातो. तोंडावरची झडप आपोआप मिटते ना, तेही बघा.

भेग डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी हुकाला डिझेल लावा, थोड्या वेळाने पुसून कोरडे करा, आणि वर खडू घासा. भेग असली तर खडूवर ओली रेघ उमटते. हे करताना बिडी दूर ठेवा.

कडी आणि खीळ. कडीची खीळ हरवली म्हणून तिच्या जागी खिळा किंवा साधा बोल्ट घालू नका. कडीवर आणि हुकावर किती वजन चालेल तो आकडा कोरलेला असतो. आता तुम्हाला वाचता येते. तो वाचा. एक टन म्हणजे १००० किलो.

आता समजा, दोरात सात तारा तुटलेल्या सापडल्या. मालक म्हणतात, “अरे, एवढ्यानं काय होतंय? आजचा दिवस काढा.” अशा वेळी काय करावे? एका मिस्त्रीने असे उत्तर द्यावे :

“मालक, खाली तिघं उतरणार. नवा दोर आणायला अर्धा दिवस जाईल. तेवढा खाडा आम्ही सोसू. पण ह्या दोराखाली माणूस उतरायचा नाही.”

हे बोलणे सोपे नाही. अर्धा दिवस म्हणजे घरची चूल असते. पण हे एकट्याने बोलू नये. सर्वांनी मिळून बोलावे. जो माणूस खाली उतरणार, त्याला आधी दोर बघू द्यावा. तो हक्क त्याचा आहे. कारखान्यांसाठी तर १९४८ सालच्या कायद्यातच लिहिले होते की ओझे उचलायचे दोर आणि साखळ्या जाणत्या माणसाकडून वर्षातून एकदा तरी नीट तपासून घ्याव्यात. विहिरीवर तो जाणता माणूस आपणच व्हायचे.

बाद झालेला दोर कोपऱ्यात टाकू नका. दुसरा कोणी तो उचलून वापरील. त्याचे तुकडे करा.

आणि एक वही ठेवा. रोज चार गोष्टी लिहा : तारीख, दोर कोणी बघितला, किती तारा तुटल्या, हूक कसा आहे. काल दोन तारा, आज चार तारा, असे वहीत दिसले की दोर काय सांगतो ते कळते.

विचार करा आणि लिहा

१. साखळी आणि तारेचा दोर यांत फरक काय?
२. हुकाचे तोंड पसरले हे काडीने कसे ओळखाल?
३. तुमच्या गावात विहिरीचे काम चालू असेल तर तेथील दोर कोण तपासतो? विचारून या.