दोघांचं घर, दोन हलांची बोट

'कॅटामरान' हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो आपल्या देशातला आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. पूर्व किनाऱ्यावरचे कोळी लाकडाचे ओंडके दोरीने बांधून समुद्रात जायचे, त्या तराफ्याचं हे नाव. इंग्रजांनी ते उचललं आणि पुढे पॅसिफिक बेटांवरच्या, दोन होड्या आडव्या लाकडांनी जोडून केलेल्या बोटीला चिकटवलं. आज जगात कॅटामरान म्हणजे हीच दुसरी बोट : दोन हल, मध्ये पूल, वर शीड. (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं अंग.)

आता तुम्ही म्हणाल, फुलसावंगीच्या मुलीला समुद्राचं काय पडलंय? बरोबर आहे. आमच्या महागाव तालुक्यापासून समुद्र पाचशे किलोमीटरहून लांब. आमच्याकडे नांगर म्हणजे शेतातला. बोटीच्या अँकरलाही मराठीत नांगरच म्हणतात, हे कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला शब्दकोश उघडल्यावर कळलं. पण या विषयात भार आहे, मोमेंट आहे, फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे, आणि शेवटी एका नवरा-बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे. आपल्याला अजून काय पाहिजे?

गिव्हन डेटा

मशीन डिझाइनच्या पेपरासारखं आधी गणित मांडू. एक जोडपं आहे. घर विकून किंवा भाड्याने देऊन ते कायमचं बोटीवर राहणार. क्रू नाही, पगारी माणूस नाही. कधी बंदरात, बहुतेक वेळा नांगर टाकून खाडीत, आणि वर्षातून काही वेळा आठ-पंधरा दिवस भर समुद्रात. अशा दोघांनी कोणती बोट घ्यावी?

"दोघांनी एवढी मोठी बोट चालते तरी का?" अशी शंका असेल तर ताजं उदाहरण गोव्याचं आहे. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून 'आयएनएसव्ही तारिणी' घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २९ मे २०२५ ला परत आल्या. दोघीच! तारिणी ५६ फुटांची आहे आणि ती रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातल्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई'सुद्धा तिथलीच.

पण लक्षात घ्या, या दोन्ही बोटी एकाच हलच्या आहेत. का? इथूनच खरा अभ्यास सुरू होतो.

एक हल की दोन?

एका हलच्या बोटीखाली जड कील असते. साधारण एकूण वजनाचा तिसरा हिस्सा शिसं किंवा लोखंड. वारा आला की बोट कलते, पण खालचं वजन तिला परत उभी करतं. अगदी उलटी झाली तरी ती बहुधा गडगडत परत सरळ होते. तंजावरची बाहुली आठवा, कितीही पाडा, उठून बसते असं आपण म्हणतो ना, तसंच.

याचा पुरावा २०१८ चा. अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. त्यांची ३२ फुटी 'थुरिया' गोलांटी खाऊन गेली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण बोट परत सरळ झाली आणि तरंगत राहिली. म्हणून बचाव पथक येईपर्यंत ते तिच्यात पडून राहू शकले.

कॅटामरानला ही कील नाही. तिची स्थिरता येते ती रुंदीतून. आपल्या बैलजोडीसारखं समजा. दोन हल म्हणजे दोन बैल आणि मधला पूल म्हणजे जू. कोकणातली उलांडीवाली होडी याच तत्त्वाची, फक्त तिचा दुसरा 'बैल' एक बारीक लाकूड असतो. फायदे भरपूर : बोट कलत नाही, चहाचा कप टेबलावर राहतो, दोन हलांमध्ये खोल्या होतात, वर सपाट छत मिळतं. शिशाचं ओझं नसल्याने वेगही येतो. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहैली'तून न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी मारणारे पहिले ठरले, तेव्हा ३१२ दिवस लागले. तेच गृहस्थ १९९४ मध्ये पीटर ब्लेक आणि क्रूसोबत 'एन्झा' या मोठ्या शर्यतीच्या कॅटामरानवर गेले तर ७५ दिवसांच्या आत परत! पण एक गोष्ट विसरू नका. कॅटामरान उलटली की उलटीच राहते. बुडत नाही, पण स्वतःहून सरळही होत नाही.

उलटण्याचं गणित

मग ती किती वाऱ्यात उलटेल? आकडेमोड करून बघू. बोट १२ मीटर लांब (सुमारे ४० फूट), वजन १० टन, दोन हलांच्या मध्यरेषांतलं अंतर ४.८ मीटर. एक हल पाण्याबाहेर उचलला जाण्याच्या क्षणी सगळं वजन दुसऱ्या हलवर असतं, म्हणून लिव्हर आर्म अर्धा, म्हणजे २.४ मीटर. सावरणारा मोमेंट : १०,००० × ९.८१ × २.४ = सुमारे २३५ किलोन्यूटन-मीटर.

आता वारा. शीड ८० चौरस मीटर, जोर लागण्याची उंची ८ मीटर, गुणांक १.२ धरू. वारा सेकंदाला १० मीटर (साधारण २० नॉट) असेल तर दाब येतो ६० न्यूटन प्रति चौरस मीटर. बल ६० × ८० × १.२ = ५७६० न्यूटन. मोमेंट ४६ किलोन्यूटन-मीटर. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी पाच. मस्त!

थांबा, घाई नको. बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाचाचं वर्गमूळ सव्वादोनच्या आसपास. म्हणजे वारा फक्त सव्वादोनपट, ४४-४५ नॉट झाला की पूर्ण शिडावर हल उचलला जाणार. ३० नॉटच्या वाऱ्यात दीडपट झोत सहज येतो, ३० × १.५ = ४५. झालं की नाही? आणि आपण लाटेचा धक्का अजून धरलेलाच नाही. म्हणून साधारण २० नॉटलाच शीड कमी करायला लागायचं.

इथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. एका हलची बोट कलून ओरडून सांगते, "बाई, शीड उतरव." कॅटामरान काहीच बोलत नाही, सपाट आणि शांत पळत राहते. म्हणून तिच्यावर पोटातल्या भीतीने नाही, वाऱ्याच्या मीटरवरचा आकडा बघून शीड उतरवायचं असतं. आकडा आला की उतरवायचं, चर्चा नाही.

वजनाचं गणित

हुशार मुलगा विचारेल, "सूत्रात वजन वर आहे, मग बोट भरून टाकली तर जास्त स्थिर होईल ना?" सूत्र हो म्हणतं, समुद्र नाही म्हणतो. वेगासाठी कॅटामरानचे हल बारीक ठेवतात, लांबी रुंदीच्या साधारण दहापट. बारीक हल ओझ्याने लवकर खाली बसतो.

आपल्या बोटीत दोन्ही हल मिळून पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर धरू. एक सेंटिमीटर खाली जायला ०.२ घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे खाऱ्या पाण्याचं २०५ किलो. आता संसार भरा : पाणी ४०० किलो, डिझेल २५०, दोन-तीन महिन्यांचं धान्य-किराणा २५०, दोघं आणि त्यांचं सामान ३००, नांगर आणि ६० मीटर साखळी १७०, छोटी होडी इंजिनासकट १२०, हत्यारं आणि सुटे भाग २००, बॅटऱ्या आणि सोलर १५०. बेरीज १८४० किलो. बोट ९ सेंटिमीटर खाली!

९ सेंटिमीटर म्हणजे काय मोठं? तर मधल्या पुलाची पाण्यापासूनची उंची बोटीच्या लांबीच्या किमान ५-६ टक्के असावी असा ढोबळ नियम आहे. १२ मीटरच्या बोटीला ६० ते ७२ सेंटिमीटर. ज्या बोटीत ही उंची रिकामी असताना ६० आहे, ती भरल्यावर ५१ वर येणार आणि प्रत्येक लाट खालून हातोड्यासारखी बसणार. झोप नाही, शिवाय रोज सांध्यांना मार. म्हणून शोरूममध्ये उभी असलेली रिकामी बोट बघून भुलायचं नाही. विचारायचं : वजन किती पेलते, आणि तेवढं भरल्यावर पूल किती उंच राहतो? आपल्याकडे कापसाची गाडी भरताना म्हातारे बैलाकडे बघतात, कापसाकडे नाही. तेच इथे.

विजेचा हिशोबही याच पानावर. फ्रीज, दिवे, ऑटोपायलट मिळून दिवसाला दोन-अडीच युनिट लागतात. छतावर ८०० वॉटचे पॅनल बसवले तर चांगल्या उन्हात तीन युनिटपर्यंत मिळू शकतात. भारनियमनात वाढलेल्या आपल्याला हे ऐकून हेवाच वाटेल.

दोघं, पण एका वेळी एकच

भर समुद्रात एक झोपतो तेव्हा दुसरा पहाऱ्यावर असतो. म्हणजे बोटीवर दोघं असले तरी प्रत्येक जण अर्धा दिवस एकटाच. म्हणून माझ्या मते निवडीची खरी कसोटी ही : दोघांपैकी ज्याच्या हातात कमी ताकद आहे, त्याला रात्री, पावसात, एकट्याने शीड कमी करता येतं का? नांगर उचलता येतो का? पाण्यात पडलेल्या जोडीदाराला परत वर ओढता येतं का? एकाचंही उत्तर नाही असेल तर ती बोट मोठी आहे. "ते बघून घेतील" हे वाक्य घरात चालतं. पाण्यात पडलेला माणूस 'ते'च असेल तर?

त्यामुळे मोठी ती चांगली, हे इथे लागू नाही. ३८ ते ४२ फूट दोघांना पुरतात. शिडाच्या सगळ्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत आणलेल्या असाव्यात. दोन इंजिनं असतात, एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर बंदर गाठता येतं. पण देखभालही दुप्पट, हे खर्चात धरायचं. शिवाय बोट सात मीटरच्या आसपास रुंद, त्यामुळे धक्क्यावर आणि दुरुस्तीच्या गोदीत जागा मिळवणं अवघड जातं. उलट पाण्यात ती मीटर-सव्वा मीटरच खोल असते, म्हणून उथळ खाडीत आत जाऊन सुरक्षित उभी राहते.

ठोकून घ्या!

बाजारात मडकं घेताना आई काय करते? ठोकून बघते. जुनी बोट तशीच घ्यायची. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड असतं. पाणी मुरलं की तिथे छोट्या हातोडीचा आवाज बद्द येतो. दुसरी जागा म्हणजे हल आणि पूल यांचा सांधा. एक बैल चढावर आणि एक उतारावर असला की जू पिळतं, तसंच दोन हल दोन वेगळ्या लाटांवर असले की पुलाला टॉर्शन येतं. तिथे बारीक भेगा असतील तर नमस्कार करून परत यायचं.

पैसे कमी असतील तर जेम्स व्हारम या इंग्रज माणसाचा रस्ता आहे. त्याने स्वतः बांधलेल्या साडेतेवीस फुटी कॅटामरानमधून १९५५-५६ मध्ये अटलांटिक ओलांडला, आणि पुढे घरी बांधता येतील अशा बोटींचे नकाशे विकले. त्याच्या अनेक बोटींत आडव्या तुळया बोल्टने नाही, दोरीने बांधलेल्या असतात, म्हणजे सांधा थोडा हलतो आणि ताण साठत नाही. कट्टु-मरम, बघा, फिरून तिथेच!

उत्तर

थोडक्यात काय, तर दक्षिण महासागरात जायचं असेल तर तारिणीसारखी कीलवाली बोट. तिथे उलटल्यावर परत सरळ होणं हाच मुख्य निकष. पण कोकण, लक्षद्वीप, अंदमान अशा उष्ण पाण्यात, हवामान बघून फिरणाऱ्या आणि पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत कोळ्यांसारखं किनाऱ्यावर थांबणाऱ्या जोडप्याला ४० फुटी, हलकी, उंच पुलाची, साध्या शिडाची कॅटामरान. आणि दोघांनाही चालवता येणारी.

शेवटचं एक. आमच्या फुलसावंगीचं नाव देशभर गेलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. शेख इस्माईल, म्हणजे गावाचा मुन्ना, वेल्डिंगचं काम करता करता स्वतः हेलिकॉप्टर बनवत होता. चाचणी चालू असताना पातं तुटलं, त्याच्या डोक्याला मार लागला आणि तो गेला. वय अवघं २४. त्याच्या हातात जे कौशल्य होतं ते आपल्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढूनही अनेकांना येत नाही. आपल्याला मात्र फॅटिग, टॉर्शन, फॅक्टर ऑफ सेफ्टी हे सगळं वर्गात बसून मिळतं आणि आपण ते परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. यंत्राला आपली हिंमत दिसत नाही, फक्त भार दिसतो. स्वप्न पाण्यावरचं असो की आभाळातलं, ते बघणाऱ्याच्या शेजारी बसून गणित करून देणारा कोणीतरी लागतो. तो 'कोणीतरी' म्हणजेच इंजिनिअर. सुट्टीत गावाला गेलात की गॅरेजमध्ये काहीतरी खटपट करणारा एखादा मुलगा दिसेल. त्याच्याकडे जा, आणि आपली वही सोबत न्या.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल