आग होतेय म्हणाले, की हात थांबवा

फेनारगन, म्हणजे प्रोमेथाझिन, आमच्या वॉर्डात रोजचंच. उलटी थांबवतं, गुंगी आणतं, अ‍ॅलर्जीवरही चालतं. पण औषध रोजचं झालं की त्याचा धाक उरत नाही. एका रात्री उलट्यांनी बेजार झालेल्या बाईंना मनगटाजवळच्या इंट्राकॅथमधून ते दिलं जात होतं; पातळ न करता, थेट सिरिंजने. "सिस्टर, हात पेटलाय माझा," त्या कळवळल्या. देणारी मुलगी नवीन होती, म्हणाली, "थोडं होतंच, सहन करा." मी शेजारच्या खाटेजवळ होते. तिला तिथेच थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं. हात बरेच दिवस सुजून होता, पण वाचला.

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डायना लेव्हाइन यांचा वाचला नाही. गिटार वाजवणारी बाई. २००० साली अर्धशिशी आणि मळमळीसाठी त्यांना हेच औषध शिरेतून पुश केलं, ते धमनीत पोचलं, गँगरीन झालं आणि उजवा हात कोपराखाली कापावा लागला. त्यांचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये त्या जिंकल्या आणि त्याच वर्षी औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा आला.

हे औषध आम्लधर्मी आहे. शिरेबाहेर झिरपलं तर मांस जाळतं, धमनीत गेलं तर रक्तपुरवठाच तोडतं. सिरिंजमध्ये काळसर रक्त आलं म्हणून आपण शिरेतच आहोत असं समजू नका; या औषधाचा स्पर्श होताच धमनीतलं रक्तही काळवंडतं.

म्हणून ऑर्डरमध्ये कुठून द्यायचं ते लिहिलेलं नसेल तर आधी विचारा. रात्रीचे दोन वाजले असले तरी विचारा, डॉक्टर रागावले तरी विचारा. मोठ्या स्नायूत खोलवर देणं सगळ्यात बरं. कातडीखाली कधीच नाही. शिरेतून द्यायचंच ठरलं तर सलाईनमध्ये पातळ करून, मोठ्या शिरेतून, २० ते ४० मिनिटांत हळूहळू. हाताच्या पंजावरची किंवा मनगटाची शीर नको. दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये ५० मिलिग्रॅम असतं. फोडली म्हणून सगळी द्यायची नसते, म्हाताऱ्या माणसांना तर मुळीच नाही. डायक्लोफेनॅक किंवा किटोरोलॅकबरोबर एका सिरिंजमध्ये भरू नका.

दोन वर्षांखालच्या बाळाला हे औषध नाही. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. मोठ्यांना फोर्टविन या वेदनाशामक इंजेक्शनबरोबर देतो तेव्हा दोन्हींची गुंगी एकावर एक चढते. अशा वेळी शांत झोपलाय म्हणून पेशंटकडे पाठ फिरवायची नाही, श्वास मोजायचे. खाटेचे कठडे वर करायचे, नातेवाइकांना बजावायचं, एकट्याला बाथरूमला सोडू नका.

आणि आग होतेय म्हणाले, तर तिथेच थांबा, इंजेक्शनची जागा आणि वेळ केसपेपरवर लिहा. इजा कधी कधी काही तासांनी दिसते, त्यामुळे ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटजवळ नेऊन बोटांचा रंग, ऊब, मुंग्या येतात का, हे दाखवून द्या.