इंजिन सुरू होण्याआधी

कोळवणहून हाडशी, जवण मागे टाकत रस्ता तिकोना किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतो आणि समोर पवना धरणाचं पाणी पसरतं. कोळवण खोऱ्याची स्वतःची वळकी नदी आहे, हाडशी आणि वाळेणची छोटी धरणं आहेत. तरी घरी पाहुणे आले की त्यांना मोठं पाणी दाखवायला मंडळी डोंगर ओलांडून पवनेकडे नेतात. त्या काठावर आता बंगले झाले, तंबूंचे मुक्काम झाले आणि त्यांच्यासोबत छोट्या मोटारबोटीही आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलाशयात, दुधिवरे गावाच्या बाजूला, बोट उलटून सहलीला आलेले दोन तरुण बुडाले. खोऱ्यातल्या घराघरांत ती बातमी पोहोचली, कारण त्या पाण्याच्या काठी इथलं प्रत्येक घर कधी ना कधी जाऊन आलेलं आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात उजनी धरणात घडलेलं तर अख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून एक बोट इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघाली. ही माणसं सहलीला निघालेली नव्हती. धरणाचं पाणी मध्ये आल्यापासून समोरच्या काठावर जायला रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून ती रोजच्या वाटेने निघाली होती. वादळी वारा सुटला, लाटा बोटीत आल्या आणि बोट बुडाली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. पोहण्यात आणि बचावकार्यात तयार झालेली ही माणसं होती.

या घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. बोट पाण्यात भरायला लागल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. माणसं वाचवणारे बहुतेक निर्णय काठावर, इंजिन सुरू होण्याआधी घ्यायचे असतात.

त्यातला पहिला निर्णय बोट निवडण्याचा. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली देशात नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या नौकेची तपासणी, तिची नोंदणी, ती चालवणाऱ्याची पात्रता, जीवरक्षक साधनं आणि विमा हे सगळं त्यात येतं. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. जलाशय बहुतेक जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात, त्यामुळे तिथे बोट उतरवायला त्या विभागाचीही परवानगी लागते. प्रवाशाने हा कायदा पाठ करायची गरज नाही. बोटीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे का, किती माणसं बसू शकतात ते लिहिलेलं आहे का आणि चालवणाऱ्याकडे परवाना आहे का, एवढे तीन प्रश्न त्याने विचारावेत. बंगल्यामागे बांधून ठेवलेली बोट ‘आपल्या पाहुण्यांपुरती’ असली, तरी पाणी तिच्यासाठी वेगळं वागत नाही.

दुसरा निर्णय लाइफ जॅकेटचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हतं. जॅकेट बोटीत असणं वेगळं आणि अंगावर असणं वेगळं. बाकाखाली कोंबलेलं जॅकेट उलटणाऱ्या बोटीत शोधून, पट्टे लावून घालता येत नाही. ते काठावरच घालायचं, सगळे पट्टे आवळायचे आणि मग बोटीत पाय ठेवायचा.

जॅकेटच्या आतल्या बाजूला लेबल असतं, ते वाचावं. त्यावर किती वजनाच्या माणसासाठी ते आहे आणि त्याची तरंगण्याची ताकद किती न्यूटन आहे, हे लिहिलेलं असतं. आडोशाच्या संथ पाण्यासाठी १०० न्यूटनचं जॅकेट योग्य मानलं जातं. ५० न्यूटनचं साधन फक्त पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत हाताशी असेल अशाच जागी चालतं. मुलांना मोठ्यांचं जॅकेट कधीही घालू नये. पाण्यात पडताच ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. तपासायची रीत सोपी आहे: जॅकेट घातलेल्या मुलाचे खांद्याजवळचे पट्टे धरून हलकेच वर ओढावं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते त्या मुलाचं नाही. लहान मुलाच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

मग येतं वजन. पाण्यापासून बोटीची कड किती उंच उरली आहे, हे माणसं बसल्यावर पाहावं. कड पाण्याच्या जितकी जवळ, तितक्या लहान लाटेने बोट भरते. वर्धा नदीवर अमरावती जिल्ह्यातल्या झुंज इथे सप्टेंबर २०२१ मध्ये दशक्रिया विधीसाठी आलेल्या कुटुंबातले अकरा जण नाव उलटून गेले. अशा प्रसंगी नातेवाईक सोबत असतात आणि कोणालाच मागे ठेववत नाही. ‘एक जण बसेल की’ हे वाक्य आपुलकीतून येतं, आणि नेमकं तेच धोक्याचं असतं. दोन फेऱ्या करायला लागणारा वेळ कोणत्याही घाईपेक्षा स्वस्त आहे.

वजन योग्य असलं तरी ते बोटीत कुठे आहे, यावर तोल ठरतो. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या पेरियार जलाशयात पर्यटकांची दुमजली बोट कलंडली आणि ४५ जण दगावले. काठावरचे वन्यप्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला सरकले होते. चार-सहा माणसांच्या छोट्या बोटीत तर दोघे फोटोसाठी उभे राहिले तरी पुरेसं होतं. म्हणून बसायचं ते मध्याच्या रेषेवर, खाली, आणि जागा बदलायची असेल तर चालवणाऱ्याला सांगून, बोट थांबल्यावर, एकेकाने.

कोळवणच्या एका गृहस्थांना याचा अनुभव मे महिन्याच्या सुट्टीत आला. पुण्याहून बहीण, मेहुणे, भाचरं आली होती. दुपार कलल्यावर सगळे पवनेवर गेले आणि बोटीत बसले. निघताना पाणी आरशासारखं होतं. मध्यावर पोहोचेपर्यंत डोंगरामागून काळा ढग वर आला, गार झुळूक आली आणि पाठोपाठ वाऱ्याचा झोत. पाण्याचा रंग पाहता पाहता करडा झाला. आखूड, उभ्या लाटा बोटीच्या कुशीवर आदळायला लागल्या. एक भाचा घाबरून उभा राहिला, तसा बोटवाला ओरडला, “दादा, खाली बसा! सगळे खाली बसा!” त्याने बोटीचं तोंड लाटांकडे केलं, वेग कमी केला आणि निघाले होते त्या धक्क्याकडे जायचा विचार सोडून सगळ्यांत जवळचा काठ गाठला. तिथे उतरून मंडळी चिखलातून, काट्यांतून चालत गाडीपाशी आली. कपडे खराब झाले, चपला तुटल्या, पण सगळे आले.

त्या बोटवाल्याने केलेली प्रत्येक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लाट कुशीवर घेतली की बोट कलंडते. तोंड लाटेला थेट किंवा थोडं तिरकं ठेवून, संथ वेगाने गेलं की ती लाटेवर चढते. गाडी जिथे लावली आहे तिथेच परतायचा हट्ट वादळात जीव घेतो. आणि माणसं खाली बसली की तोल आपोआप सुधारतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा वारा बहुधा दुपारनंतर उठतो, म्हणून या दिवसांत बोटीची फेरी सकाळीच करावी. गार झोत, ढगाचा काळा पट्टा, दूरवर पाण्याचा बदललेला रंग किंवा गडगडाट, यांतलं काहीही जाणवलं की काठ गाठायचा.

धरणाचं पाणी वरून सारखं दिसतं, पण त्याच्या तळाशी जुनी वस्ती आहे. पवनेत उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं प्राचीन मंदिर उघडं पडतं, उजनीत पळसदेवचं. मंदिरं दिसतात म्हणून आठवतात. त्यांच्याभोवतीच्या घरांचे चौथरे, शेतांचे बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांची खोडंही तिथेच आहेत, आणि महिन्यागणिक पाणी उतरत जातं तशी ती वर येत जातात. दिवाळीत ज्या वाटेने बोट बिनधास्त गेली, तीच वाट एप्रिलमध्ये पंखा मोडणारी ठरू शकते. म्हणून स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय अनोळखी पाण्यात बोट नेऊ नये आणि उथळ भागात वेग चालण्याइतकाच ठेवावा. धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा आणि पाणी उपसण्याचे मनोरे यांच्यापासून तर कायम लांब राहावं. दरवाजाकडे पाणी ओढलं जातं आणि वरून ती ओढ दिसत नाही.

दोन बोटी समोरासमोर आल्या तर काय करायचं, हे अनेक चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. रस्त्यावर आपण डावी बाजू धरतो. पाण्यावर नेमकं उलट असतं. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार समोरासमोर आलेल्या दोन्ही मोटारबोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिला दुसरी बोट आपल्या उजवीकडे दिसते, तिने थांबायचं किंवा मागून जायचं. मागून ओलांडणाऱ्याने पुढच्यापासून दूर राहायचं. वल्ह्याच्या आणि शिडाच्या बोटीला मोटारबोटीने वाट द्यायची. तलावातही हीच रीत पाळली तर कोणालाही अंदाज बांधत बसावं लागत नाही. बोटीला ब्रेक नसतो, इंजिन बंद केल्यावरही ती पुढे सरकतच राहते, म्हणून वळण लवकर आणि समोरच्याला दिसेल असं घ्यावं. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. प्रवासी बोटींच्या आसपास वेगाचे प्रयोग करू नयेत, हे त्यातून सगळ्यांनी घ्यावं.

या पाण्यावर मोटारबोटीच्या आधीपासून राबणारी माणसं आहेत. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या, तर खाली कोणाचं तरी जाळं आहे. त्यावरून बोट नेली की पंख्यात जाळं अडकतं, बोट अडकते आणि एका कुटुंबाची कमाई फाटते. काठावर बायका धुणं धूत असतील, जनावरं पाण्यात उतरलेली असतील, पोरं डुंबत असतील, तर वेग अगदी कमी करावा. बोटीमागे उठणारी लाट काठावर पोहोचते तेव्हा बोटवाला पुढे निघून गेलेला असतो आणि फटका तिथल्या माणसाला बसतो. उजनीच्या भिगवण-कुंभारगाव बाजूला रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी थवा दिसताच लांबूनच इंजिन बंद करावं. उडवलेला थवा म्हणजे मोडलेलं खाणं. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात, तेव्हा पेट्रोल काठावर, पाण्यापासून दूर भरावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते, म्हणून इंजिन सुरू करण्याआधी वास घेऊन पाहावा आणि बोटीत विडी-सिगारेट पेटवू नये.

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची एक लाल दोरी बहुतेक छोट्या इंजिनांसोबत येते. चालवणारा पडला तर ती सुटते आणि इंजिन बंद होतं. ती न लावल्यास माणूस पाण्यात आणि बोट त्याच्याभोवती गोल फिरते, पंखा चालू असतानाच. कोणी पाण्यात पडलं, तर त्याच्याजवळ जाताना इंजिन बंद करूनच त्याला कडेने वर घ्यावं, मागच्या बाजूने कधीच नाही. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल बसतानाच खोचून घ्यावा. दारू चालवणाऱ्याने घेऊ नये, तशी बसणाऱ्यानेही घेऊ नये, कारण तोल दोघांनाही सांभाळायचा असतो.

आणि तरीही बोट उलटलीच, तर तिला सोडू नये. उलटलेली बोट पुष्कळदा तरंगत राहते आणि शोधणाऱ्याला पाण्यातल्या एका डोक्यापेक्षा ती आधी दिसते. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. सगळ्यांनी बोटीला धरावं, एकमेकांना मोजावं, मुलांना मध्ये घ्यावं. काठावरच्याने बुडणाऱ्यासाठी थेट उडी मारू नये. दोरी, बांबू, रिकामा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी आणि ११२ ला फोन करावा.

कोळवण परिसरात पाहुण्यांसाठी घरं, शेतघरं चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं आजच करता येईल. धक्क्यावर मोठ्यांची आणि मुलांची जॅकेटं वेगवेगळी टांगावीत, शेजारी लांब दोरी बांधलेली ट्यूब ठेवावी, बोटीत पाणी उपसायला डबा आणि एक जोडी वल्ही ठेवावीत. खोऱ्यात सगळीकडे मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून ती कुठे मिळते ते धक्क्यावरच लिहून ठेवावं. शेजारी एक वही असावी. कोण निघालं, किती जण, कोणत्या बाजूला आणि किती वाजता परतणार, हे बोट सोडण्याआधी त्यात लिहावं आणि ती वही काठावर थांबणाऱ्याच्या हातात द्यावी. सांगितलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने बोट दिसली नाही, तर कोणाला फोन करायचा, ते क्रमांकही पहिल्याच पानावर असावेत.