पाहिले तिघांनी, थांबला एक



यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एक माणूस अर्धमेला पडला होता. संत लूक सांगतात (१०:३१-३३), याजकाने त्याला पाहिले, लेव्याने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. दोघे पाहून निघून गेले. एकाला मात्र कळवळा आला व तो थांबला. म्हणजे पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम नव्हे.

बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांना ‘पाहा, पारखा, कृती करा’ हा मार्ग शिकवला. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ साली ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात तो साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवला. या तीन पायऱ्या आज आपण एका छायाचित्रकाराच्या कार्यातून समजून घेऊ या.

पाहा

सेबास्तियाओ सालगादो (१९४४-२०२५) हे ब्राझीलचे अर्थतज्ज्ञ. चांगली नोकरी सोडून १९७३ साली त्यांनी कॅमेरा हाती घेतला. आकड्यांच्या तक्त्यात न दिसणारी माणसे त्यांच्या छायाचित्रांत दिसू लागली: साहेलच्या दुष्काळातील भुकेलेली कुटुंबे, सेरा पेलादाच्या सोन्याच्या खाणीत पाठीवर पोती घेऊन शिड्या चढणारे, चिखलाने माखलेले मजूर. १९९५ साली त्यांनी आपल्या चर्चगेट स्थानकाचेही छायाचित्र घेतले. गाड्या स्थिर उभ्या आहेत आणि मधून गर्दी पाण्यासारखी वाहते आहे. आपल्यातील कित्येकजण रोज त्याच फलाटावर उतरतात. तेथे आपल्याला माणूस दिसतो, की नुसती गर्दी?

पारखा

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकवले, की धरतीचे दुःख आणि गरिबाचे दुःख वेगळे काढता येत नाही. साहेलमध्ये हेच दिसले. पाऊस रुसला, त्यात युद्धांची भर पडली आणि सर्वांत आधी मेला तो गरीब.

पण गरिबाचे चित्र काढले म्हणजे त्याला न्याय मिळाला, असे नाही. लेखिका सुसान सोंटॅग यांनी २००३ साली सालगादोंच्या स्थलांतरितांच्या छायाचित्रांवर आक्षेप घेतला: चित्राखाली या माणसांची नावे नाहीत, त्यामुळे ती फक्त दुबळेपणाचे नमुने बनतात. हा आक्षेप आपण मनावर घ्यावा. प्रभूच्या दाखल्यात श्रीमंताला नाव नाही. दारात पडलेल्या भिकाऱ्याला मात्र आहे, लाजरस (लूक १६:२०). पुरात घर बुडालेल्या बाईचा रडतानाचा फोटो आपण क्षणात पुढे पाठवतो. तिला विचारले का? तिचे नाव ठाऊक आहे का?

कृती करा

रवांडातील १९९४ चा नरसंहार जवळून पाहिल्यावर सालगादो मनाने खचले. ते ब्राझीलमध्ये वडिलांच्या शेतावर परतले, तर तेथील जंगल गेलेले, माती वाहून गेलेली, झरे आटलेले. पत्नी लेलिया म्हणाल्या, जंगल पुन्हा उभे करू. १९९८ साली दोघांनी ‘इन्स्तितुतो तेरा’ ही संस्था स्थापन केली. आजवर तेथे वीस लाखांहून अधिक झाडे लागली. पक्षी परतले, झरे वाहू लागले. कॅमेऱ्याच्या जोडीला कुदळ आली. २०१४ साली त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाचे नाव प्रभूच्या शब्दांवरूनच घेतलेले आहे, ‘पृथ्वीचे मीठ’.

आपल्या घरोघरी मोबाईल आहे. प्रत्येक कुटुंबाने जवळची एक जागा निवडावी: बुजत चाललेले बावखल, तुंबलेला नाला, पावसात पाणी शिरणारी भाड्याची चाळ. पावसाळ्याआधी व नंतर, त्याच ठिकाणी उभे राहून फोटो घ्यावा. तारीख आणि जागा लिहून ठेवावी. फोटोत माणूस असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यावी, त्याचे नाव विचारावे. दोन-तीन वर्षांचे असे फोटो अर्जाला जोडले, की ‘येथे असे काही नव्हतेच’ म्हणणे कोणालाही कठीण जाते. बावखल बुजले, तर पाणी आधी शिरते ते सखल जागेतल्या भाडेकरूच्या घरात. आपला शेजारी तोच आहे.

चिंतनासाठी
१. या आठवड्यात आपण कोणाला पाहून न थांबता पुढे गेलो?
२. आपल्या दाराशी असलेल्या लाजरसाचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?
३. निवडलेल्या जागेसाठी आपले कुटुंब कोणते एक काम हाती घेईल?